तार कुणाच्या जमिनीवरून जाते?

घरात इंटरनेटची जोडणी घेताना हल्ली एक वाद हटकून होतो. वायर ओढून राउटर बसवावा, की खोल्याखोल्यांत मेश वायफायची यंत्रे ठेवावीत? तार म्हणजे बंदोबस्त आणि हवा म्हणजे उघडे दार, हे दोन्ही पक्षांनी धरूनच चाललेले असते. लखनौ शहराने मात्र कंपनीविरुद्धच्या उठावाच्या काळात, 1857 आणि 1858 मध्ये, हे गृहीतक चांगलेच पारखून घेतले. त्या पारखीतून मला दिसते ते असे : तारेचा भरवसा ती ज्या जमिनीवरून जाते त्या जमिनीच्या ताब्यावर ठरतो, आणि हवेतून जाणाऱ्या निरोपाचा भरवसा तो कोणत्या लिपीत बांधला आहे यावर. म्हणून यांपैकी एकाचीच निवड करण्यापेक्षा दोहोंची सांगड कुठे घालायची, हा खरा प्रश्न आहे.

विल्यम ओ'शॉनेसी यांच्या देखरेखीखाली कलकत्ता, आग्रा, मुंबई आणि मद्रास ही शहरे तारायंत्राने जोडली गेली आणि 1855 मध्ये ही सोय सर्वसामान्यांना खुली झाली. 1856 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने अवध खालसा केले आणि लखनौही या जाळ्यात आले. 16 मे 1857 रोजी अवधचा मुख्य आयुक्त हेन्री लॉरेन्सने लखनौहून कलकत्त्याला तार करून पूर्ण लष्करी अधिकार मागितले आणि काही दिवसांतच ते त्याला मिळाले. सत्ता किती वेगाने हलू शकते याचा तो नमुना होता. पण जूनच्या सुरुवातीला कानपूर उठले आणि लखनौची तार मुकी झाली. उठावातल्या शिपायांनी तारेचे तुकडे गोळ्यांसारखे वापरल्याच्या आणि खांबांच्या लोखंडी नळ्यांपासून ओबडधोबड तोफा केल्याच्या नोंदी आहेत. मैलोन्‌मैल परक्या मुलखातून गेलेली तार तोडायला विद्या लागत नव्हती, एक माणूस आणि एक कोयता पुरे होता.

30 जूनला चिनहट येथे पराभव होऊन इंग्रज रेसिडेन्सीत कोंडले गेले, तेव्हा उरले फक्त जासूद. अंगद नावाचा निवृत्त शिपाई पिसाच्या पोकळ नळीत चिठ्ठ्या गुंडाळून वेढ्यातून ये-जा करत असे. चिठ्ठ्यांतला मजकूर इंग्रजीच, पण ग्रीक अक्षरांत लिहिलेला. उठावाचे नेतृत्व करणाऱ्या बेगम हजरत महल यांच्या बाजूला इंग्रजी वाचणारे लोक होते, हे इंग्रज ओळखून होते. जासूद पकडला जाणारच नाही असे मानायची सोय नव्हती, म्हणून तो पकडला गेला तरी मजकूर हाती लागू नये अशी तजवीज केलेली होती. पुढे कुमक घेऊन आलेल्या जनरल आउट्रमच्या काळात रेसिडेन्सीच्या गच्चीवर सेमाफोरचा खांब उभा राहिला. कसा उभारायचा ते एका ज्ञानकोशात वाचून ठरवले होते. सुमारे 6 किलोमीटरवरच्या आलमबागेतल्या इंग्रज ठाण्याशी आणि नोव्हेंबरात ला मार्टिनिअर शाळेच्या छपराशी अशा खुणांनी बोलणे होई. मधले शहर शत्रूच्या हाती, खांबाचे हलते हात सगळ्यांना दिसणार, तरी अर्थ कळायचा तो खुणांचा तक्ता जवळ असलेल्यालाच.

यावर आक्षेप येईल : तार तुटली आणि हवेने वाचवले, मग तारेचा आग्रह कशाला? त्याचे उत्तर मार्च 1858 मध्ये आहे. लखनौ परत घ्यायला निघालेल्या सरसेनापती कॉलिन कॅम्पबेलच्या फौजेमागोमाग पॅट्रिक स्टुअर्ट या अभियंत्याने तार आधी आलमबागेपर्यंत आणि मग लढाई चालू असतानाच दिलखुशापर्यंत आणली. गव्हर्नर जनरल कॅनिंग अलाहाबादेत बसून तिथल्या घडामोडी जाणू शकत होता. तार तीच होती, फक्त या वेळी ताब्यातल्या जमिनीवरून ओढलेली. खुणांचा खांब इतक्या लांब, इतक्या बारकाईने बोलू शकला नसता, आणि धुके पडले की तो आंधळाच. दुसरा आक्षेप असा, की वेढ्यातली छावणी आणि चार खोल्यांचे घर यांची तुलना ओढूनताणून केलेली आहे. आकाराचा फरक मान्य. पण घरात आपण मुळात तिथेच असतो, जिथे कॅम्पबेलला मार्चमध्ये पोचावे लागले : जमीन पूर्ण आपल्या हाती. म्हणूनच घरात तार टाकणे शहाणपणाचे ठरते.

लखनौच्या चौकातल्या जुन्या हवेल्यांच्या लखौरी विटांच्या आणि चुन्याच्या जाड भिंती वायफायचे तरंग गिळतात. तिथे मेशचे एक यंत्र दुसऱ्याशी हवेतून बोलत राहिले तर प्रत्येक टप्प्यावर वेग घटत जातो. यंत्रे एकमेकांना वायरने जोडावीत आणि हवेला फक्त शेवटचे काही हात अंतर द्यावे. बाहेरच्या जगाकडचा दरवाजा एकच, म्हणजे वायरचा राउटर, ठेवावा आणि मेशला ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये, म्हणजे फक्त वायफाय पसरवण्यापुरते, चालवावे. दोन्ही यंत्रे राउटरची कामे करू लागली की कोणता नियम कुठे लागतो याचा पत्ता लागत नाही. पाहुण्यांचे फोन आणि स्वस्तातले कॅमेरे वेगळ्या जाळ्यावर टाकावेत. हवेतल्या टप्प्याला डब्ल्यूपीए3 कुलूप लावावे. वायफायचे पहिले कुलूप, डब्ल्यूईपी, 2001 मध्येच संशोधकांनी फोडून दाखवले होते, म्हणून कुलपे आणि यंत्रांतली सॉफ्टवेअर वेळोवेळी बदलत राहणे हाही बंदोबस्ताचाच भाग. वायर टाकली म्हणून कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवणाऱ्याने 1857 मधल्या तारेवरचा भाबडा विश्वासच पुन्हा घरात आणला, असे म्हणावे लागेल.