शुगर वाढली की चूक पेशंटचीच?

देशात १०.१ कोटी लोकांना डायबिटीस आहे, असं आयसीएमआर-इंडियाबचा २०२३ चा अभ्यास सांगतो. 'पथ्य पाळत नाही' हे त्यातल्या अनेकांना ऐकावं लागतं. पण कोपरहून सकाळची धिमी लोकल पकडणाऱ्याचा दिवस बघा. नाश्ता राहतो, गर्दीत डबाही उघडता येत नाही. इन्सुलिन किंवा काही गोळ्या घेऊन खाणं लांबलं, तर शुगर ७० च्या खाली जाऊ शकते. घाम फुटतो, हात थरथरतात. या भीतीने काहीजण डोसच टाळतात.

एचबीएवनसी साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगते, कारण नाही. म्हणून चुकलेले डोस, जेवणाच्या खऱ्या वेळा डॉक्टरांना न लपवता सांगा. औषध त्यानुसार बदलता येतं. खिशात ग्लुकोज ठेवा.