‘युनियन’ की ‘फेडरेशन’? राज्यघटनेतील एका शब्दाचा इतिहास

१/ राज्यघटनेचा पहिलाच अनुच्छेद भारताला ‘राज्यांचा संघ’ म्हणतो. इंग्रजी संहितेत येथे ‘फेडरेशन’ नसून ‘युनियन’ हा शब्द आहे. मराठीत दोहोंसाठी ‘संघ’ हाच शब्द चालतो, त्यामुळे हा भेद सहसा लक्षात येत नाही. संविधान सभेने मात्र तो जाणीवपूर्वक केला होता.

२/ प्रारंभी चित्र नेमके उलट होते. १६ मे १९४६ च्या कॅबिनेट मिशन योजनेत केंद्राकडे परराष्ट्र व्यवहार, संरक्षण व दळणवळण एवढेच विषय होते. उर्वरित सारे अधिकार प्रांतांकडे राहणार होते. मुस्लीम लीगला अखंड भारतात सामावून घ्यायचे, तर केंद्र दुर्बळ ठेवणे भाग होते.

३/ ९ डिसेंबर १९४६ रोजी संविधान सभा भरली ती याच चौकटीत. १३ डिसेंबरला नेहरूंनी मांडलेल्या उद्दिष्टांच्या ठरावातही घटक राज्यांची स्वायत्तता आणि त्यांचे शेषाधिकार मान्य केलेले होते. १७ डिसेंबरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मात्र वेगळा सूर लावला. १९३५ च्या कायद्याने निर्माण केलेल्या केंद्राहूनही बलशाली केंद्र त्यांना हवे होते.

४/ ३ जून १९४७ रोजी फाळणीची योजना जाहीर झाली आणि दुर्बळ केंद्रामागचे कारणच संपले. नेहरूंच्या अध्यक्षतेखालील संघ अधिकार समितीने ५ जुलैच्या अहवालात भूमिका बदलली : दुर्बळ केंद्र देशहितास घातक ठरेल. पुढे राज्यघटनेत शेषाधिकार केंद्राकडे गेले (अनुच्छेद २४८).

५/ ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना बाबासाहेबांनी ‘युनियन’ शब्दाचा खुलासा केला. भारतीय संघराज्य हे घटक राज्यांनी आपसांत केलेल्या कराराचे फलित नाही. म्हणून कोणत्याही राज्यास फुटून निघण्याचा अधिकार नाही. अमेरिकेला हाच प्रश्न निकाली काढण्यासाठी यादवी युद्ध लढावे लागले. भारतात तो वाद आरंभीच मिटवलेला बरा, असा त्यांचा विचार होता.

६/ सत्तेची वाटणी सातव्या अनुसूचीत आहे. मूळ घटनेत संघ सूचीत ९७, राज्य सूचीत ६६ आणि समवर्ती सूचीत ४७ नोंदी होत्या. संरक्षण, रेल्वे, चलन केंद्राकडे. पोलीस, शेती, सार्वजनिक आरोग्य राज्यांकडे. समवर्ती विषयांत दोन्ही कायदे परस्परविरोधी ठरल्यास सामान्यतः केंद्राचा कायदा टिकतो.

७/ त्याहून मोठा अधिकार अनुच्छेद ३ मध्ये आहे. नवे राज्य निर्माण करणे, सीमा वा नाव बदलणे, हे संसद साध्या बहुमताने करू शकते. संबंधित विधिमंडळाचे मत मागवले जाते. ते बंधनकारक नसते.

८/ मराठी मुलखाने या अधिकाराच्या दोन्ही बाजू पाहिल्या. १९५६ मध्ये संसदेच्या कायद्याने विदर्भ व मराठवाडा मुंबई राज्यात आले. पण सौराष्ट्र व कच्छही आले आणि राज्य द्विभाषिकच राहिले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शंभराहून अधिक माणसे प्राणांस मुकली. अखेर संसदेनेच नवा कायदा केला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र व गुजरात अस्तित्वात आले. लढा रस्त्यावर झाला, तरी कायद्याचा मार्ग अनुच्छेद ३ मधूनच गेला.

९/ अनुच्छेद ३५६, म्हणजे राष्ट्रपती राजवट, क्वचितच वापरात येईल आणि कागदावरच राहील, अशी आशा बाबासाहेबांनी ऑगस्ट १९४९ मध्ये व्यक्त केली होती. ती फोल ठरली. १९५९ मध्ये केरळचे नंबुद्रिपाद सरकार बरखास्त झाले आणि पुढील दशकांत अनेक राज्य सरकारे याच मार्गाने गेली. १९९४ च्या बोम्मई निकालात सर्वोच्च न्यायालयाने यास आवर घातला : बहुमताची परीक्षा सभागृहातच व्हावी आणि राष्ट्रपती राजवटीची घोषणा न्यायालयीन तपासणीस पात्र असावी. संघराज्य हे राज्यघटनेच्या मूलभूत चौकटीचा भाग असल्याचेही या निकालाने अधोरेखित केले.

१०/ मग राज्ये केंद्राची मांडलिक आहेत काय? बाबासाहेबांचे उत्तर नकारार्थी होते. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी स्पष्ट केले की राज्यांचे अधिकार केंद्राच्या कायद्याने दिलेले नसून राज्यघटनेनेच दिलेले आहेत. म्हणून केंद्राला एकट्याने ते काढून घेता येत नाहीत.

११/ याचा पुरावा अनुच्छेद ३६८ मध्ये आहे. सातव्या अनुसूचीतील एक नोंद जरी हलवायची असेल, तर संसदेतील विशेष बहुमतासोबत किमान निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमती लागते. २०१६ मध्ये वस्तू व सेवा कराची घटनादुरुस्ती याच वाटेने गेली.

१२/ म्हणजे एखाद्या राज्याचा नकाशा साध्या बहुमताने बदलतो. सर्व राज्यांच्या अधिकारांची यादी मात्र राज्यांना विचारल्याविना बदलत नाही. फाळणीच्या छायेत लिहिलेल्या घटनेने सीमा लवचीक ठेवल्या आणि अधिकारांना कुंपण घातले. केंद्र-राज्य वाद पुन्हा उफाळेल, तेव्हा आधी हे पाहावे : प्रश्न नकाशाचा आहे की यादीचा?