दरपत्रकाच्या आधारे: उपनगरी रिक्षाभाड्याचा इतिहास

मुंबईत रिक्षाला वांद्रे आणि शीव यांच्या दक्षिणेस मज्जाव असल्यामुळे, इंधनदरवाढीची झळ भाड्याच्या रूपाने प्रवाशापर्यंत कशी पोहोचते, याचा इतिहास अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड या उपनगरांतच शोधावा लागतो. १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर कच्चे तेल काही महिन्यांत जवळपास चौपट महागले, आणि पुढील दशकांत भाडेवाढ ही नित्याची बाब झाली.

रिक्षाच्या डाव्या अंगाला बाहेर बसवलेल्या यांत्रिक मीटरची पट्टी खाली फिरवली की आकडे पडू लागत. परंतु प्रत्येक भाडेवाढीला मीटर बदलणे शक्य नसल्याने तो जुनाच आकडा दाखवी, आणि खरे भाडे दरपत्रकावरून, म्हणजे मीटरचा आकडा व प्रत्यक्ष रक्कम यांची सांगड घालणाऱ्या छापील तक्त्यावरून, ठरे. बनावट दरपत्रकाला येथेच वाव मिळे. २०१२ मध्ये राज्य सरकारने भाडेनिश्चितीसाठी नेमलेल्या हकीम समितीने भाड्याची सांगड इंधनदर व राहणीमानाच्या खर्चाशी घालणारे सूत्र सुचवले, आणि इलेक्ट्रॉनिक मीटरही त्याच सुमारास सक्तीचे झाले; प्रवासी व चालक या दोघांच्याही दृष्टीने हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा मानावा लागेल.

पेट्रोलला स्वस्त पर्याय म्हणून आलेला सीएनजी, म्हणजे दाबाखाली भरलेला नैसर्गिक वायू, २०२२ मध्ये झपाट्याने महागला. राज्याने त्यावरील मूल्यवर्धित कर १३.५ वरून ३ टक्क्यांवर आणूनही ऑक्टोबरमध्ये किमान भाडे २१ वरून २३ रुपये, तर फेब्रुवारी २०२५ मध्ये २६ रुपये झाले. स्थानकाबाहेर शेअर रिक्षाच्या रांगेत उभे राहणाऱ्याला मात्र केवळ आपल्या आसनापुरते भाडे द्यावे लागते.