बालगंधर्वांचे कर्ज आणि गोहरबाई

धानाची कापणी-मळणी आटोपली की आमच्या झाडीपट्टीत नाटकांचे दिवस सुरू होतात. वडसा, म्हणजे देसाईगंज, येथील नाटक मंडळ्या पडदे, ऑर्गन आणि तबला गाडीत घालून चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातली गावे गाठतात. कुठे मंडई असते, कुठे शंकरपट. रात्री सुरू झालेले नाटक पहाटे संपते आणि थंडीत घोंगडी पांघरून बसलेला माणूस शेवटच्या गाण्यापर्यंत जागचा हलत नाही. याच रंगभूमीवरचे गुरनोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्या भागाला घरातलाच मान झाल्यासारखे वाटले होते.

अशाच एका रात्री, दोन अंकांच्या मध्ये, चहाच्या टपरीवर एक वृद्ध ऑर्गनवादक बालगंधर्वांविषयी बोलत होते. बोलता बोलता म्हणाले, "एवढा मोठा माणूस, पण त्या बाईने धुळीला मिळवला." मग आमचे नाव त्यांना आठवले असावे. ते अडखळले आणि विषय बदलला. आम्हीही गप्प राहिलो. पण ते अडखळणे मनात राहिले.

आम्ही उर्दू शाळेत शिकवतो. इतिहासाच्या तासाला मुलांना सांगतो, आधी सन लिहा, मग कारण लिहा. कारण आधी लिहिले की सन त्याच्या मागे फरफटत येतात. त्या बाईचे, म्हणजे गोहरबाई कर्नाटकी यांचे, प्रकरण आपणही एकदा असेच सन मांडून पाहावे, असे आम्हाला वाटले.

नारायण श्रीपाद राजहंस यांचा जन्म २६ जून १८८८ चा. बालवयात जळगावला त्यांना गाण्याचे पहिले धडे मेहबूबखान यांनी दिले. लहानग्या नारायणाचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी 'बालगंधर्व' म्हटले, ही हकीकत सर्वांना ठाऊक आहे. १९०५ मध्ये ते किर्लोस्कर नाटक मंडळीत आले आणि शकुंतला झाले. पुढे भास्करबुवा बखले यांच्यासारखा गुरू लाभला. १९११ मध्ये 'मानापमान'च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी घरी त्यांची मुलगी वारली, तरी ते भामिनी होऊन उभे राहिले. रसिकांना दिलेला शब्द त्यांनी पाळला. या प्रसंगाने त्यांची प्रतिमा पक्की झाली. हा माणूस आता स्वतःचा उरला नव्हता, प्रेक्षकांचा झाला होता.

१९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाली. 'स्वयंवर' आले, 'एकच प्याला' आले. बालगंधर्वांची रुक्मिणी पाहून घरंदाज स्त्रिया लुगडे कसे नेसावे, केसांत फुले कशी माळावीत हे शिकत. रंगमंचावर खरे शालू, उंची दागिने, आणि नाट्यगृहात अत्तराचा दरवळ. 'वन्स मोअर'ला नाही म्हणायचे नाही, त्यामुळे नाटक उजाडेपर्यंत चाले. तोच माणूस 'एकच प्याला'त सिंधू होऊन फाटक्या लुगड्यात येई आणि सभागृह रडे. पुरुषाने स्त्रीची नक्कल करावी, एवढाच हा प्रकार नव्हता. स्वर, वस्त्र, चाल, नजर या सगळ्यांतून एक स्त्री घडवायची आणि ती प्रेक्षकांच्या मनात कायमची ठेवून द्यायची, असे ते काम होते.

ही प्रतिमा एकट्याची नव्हती. साथीला तबल्यावर अहमदजान तिरखवाँ होते, सारंगीवर कादरबक्ष होते. मराठी नाट्यगीताची जी लय आजही आपल्या कानांत आहे, तिच्यात या उस्तादांची बोटे आहेत. त्यांचे नाव घेताना कोणीही अडखळत नाही, आणि ते योग्यच आहे.

आता पैशाचा हिशेब. या वैभवाला खर्च येई. १९२० मध्ये 'द्रौपदी' रंगमंचावर आले, त्यातल्या मयसभेच्या देखाव्यावर मंडळीने पाण्यासारखा पैसा ओतला. भागीदार एकामागून एक बाहेर पडले होते. हिशेब ठेवणे नारायणरावांच्या स्वभावातच नव्हते. ८ जुलै १९२१ रोजी केशवराव भोसले यांच्यासह त्यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' केले आणि प्रेक्षकांनी विक्रमी गर्दी केली. त्याच सुमारास त्यांच्या स्वतःच्या मंडळीवर लाखाच्या पुढे कर्ज होते. चाहते वर्गणी काढून ते फेडायला तयार होते. त्यांनी नकार दिला आणि वर्षानुवर्षे प्रयोग करून ते फेडले. पण सवय तीच राहिली.

१९३१ मध्ये 'आलम आरा' आला, १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा'. चार-आठ आण्यांत बोलपट पाहायला मिळू लागल्यावर सबंध रात्रीच्या संगीत नाटकाचे तिकीट कोण काढणार? महाराष्ट्रातल्या मोठमोठ्या मंडळ्या मोडल्या. गंधर्व नाटक मंडळीने १९३४ मध्ये पडदा खाली घेतला. १९३५ मध्ये नारायणराव 'प्रभात'च्या 'धर्मात्मा'त संत एकनाथ झाले, आणि रसिकांना आपली भामिनी दाढी-मिशांत पाहवेना. प्रतिमेने माणसाला असे बांधून ठेवले होते.

आणि गोहरबाई? त्या विजापूर भागातल्या बिळगीच्या. 'किस्मत' चित्रपटामुळे १९४३ मध्ये देशभर गाजलेल्या अमीरबाई कर्नाटकी त्यांच्या भगिनी. कलकत्त्याच्या गौहरजान वेगळ्या आणि रणजीत स्टुडिओच्या मिस गोहरही वेगळ्या. अनेक जण या तिघींचा घोळ करतात. आमच्या गोहरबाई बालगंधर्वांच्या गायकीने भारलेल्या होत्या, आणि ती गायकी त्यांनी हुबेहूब गळ्यात उतरवली होती. त्या नारायणरावांच्या मंडळीत आल्या १९३७-३८ च्या सुमारास.

हे सन फळ्यावर एकाखाली एक लिहून पाहावेत. १९२१, कर्ज. १९३१, बोलपट. १९३४, मंडळी बंद. त्यानंतर गोहरबाई. ज्या घराला आग लागून गेली होती त्या घरात जी बाई नंतर आली, आग तिने लावली असे आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. तिने जादूटोणा केला असेही बोलले गेले.

एक बाजू आम्ही लपवणार नाही. नारायणरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई तेव्हा हयात होत्या, त्या १९४० मध्ये वारल्या. त्यांच्या वाट्याला आलेले दुःख खरे आहे. पण त्या दुःखाचा पहिला जाब विचारायचा तर तो घरच्या धन्याला विचारला पाहिजे. त्याला 'नटसम्राट' म्हणून माफ करायचे आणि सगळा दोष बाहेरून आलेल्या बाईच्या पदरात घालायचा, हा न्याय नव्हे.

१९५१ मध्ये दोघांनी विवाह केला. पुढे नारायणरावांचे पाय निकामी झाले. ज्यांच्या चालीवर महाराष्ट्र भाळला होता ते भजने म्हणायला बसवून ठेवावे लागत. शालू पाहायला येणारी गर्दी त्या दिवसांत नव्हती. सोबतीला गोहरबाई होत्या. १९६४ मध्ये त्या गेल्या. त्याच वर्षी नारायणरावांना पद्मभूषण मिळाले. १५ जुलै १९६७ रोजी तेही गेले.

असे फक्त आपल्याकडेच घडते असे नाही. फ्रान्समध्ये एदिथ पियाफ नावाची गायिका होऊन गेली. साधा काळा झगा, ठेंगणी मूर्ती आणि काळीज चिरणारा आवाज, ही तिची प्रतिमा. आजाराने खंगलेल्या पियाफने १९६२ मध्ये आपल्याहून वीस वर्षांनी लहान थिओ सारापो याच्याशी लग्न केले. तो परक्या, ग्रीक वंशाचा. लोक म्हणाले, हा पैशासाठी आला. १९६३ मध्ये ती वारली तेव्हा त्याच्या हाती आले ते तिचे कर्ज. लाडक्या कलावंताने स्वतःच स्वतःची राख केली, हे मान्य करणे प्रेक्षकाला जड जाते. मग जवळ उभा असलेला परका माणूस सापडतो.

पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिराचा पाया १९६२ मध्ये खुद्द नारायणरावांच्या हस्ते घातला गेला. २६ जून १९६८ रोजी, त्यांच्या जन्मदिनी, ते खुले झाले. तोवर दोघेही नव्हते. तिथे आजही नाटके होतात.

गोहरबाईंना कोणी देवी करावे असे आमचे म्हणणे नाही. त्या आपल्या समाजातल्या होत्या म्हणून आम्ही त्यांची वकिली करतो असेही कोणी समजू नये. मेहबूबखानांपासून तिरखवाँपर्यंत ज्या मुसलमान कलावंतांनी बालगंधर्व घडवले त्यांना 'आपले' म्हणायचे, आणि पडत्या काळात सोबत राहिलेल्या बाईलाच तेवढे 'त्यांची' म्हणायचे, ही वाटणी चुकीची आहे, एवढेच सांगायचे आहे.

पुढच्या हंगामात ते ऑर्गनवादक भेटले तर आम्ही वाद घालणार नाही. चहा सांगू, आणि मग हे चार सन सांगू. जुना, सुरात मुरलेला माणूस आहे. हिशेब त्यांना कळेल.