प्रकाश, कॅमेरा आणि अजिंठा : एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना :
सोलापूरच्या नवी पेठेत स्मार्टफोन घेणारा ग्राहक आज 'कमी उजेडात फोटो कसा येतो?' असे आवर्जून विचारतो. हा प्रश्न छायाचित्रणाइतकाच जुना आहे. महाराष्ट्रात त्याची कसोटी अजिंठ्याच्या लेण्यांत लागली. बाहेर रखरखीत ऊन आणि आत काळोख अशा दोन टोकांच्या प्रकाशात कॅमेऱ्याची क्षमता कशी बदलत गेली आणि इतिहासाच्या साधनांवर तिचा काय परिणाम झाला, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

कुंचला आणि काच :
ईस्ट इंडिया कंपनीने १८४४ मध्ये मद्रास सैन्यातील रॉबर्ट गिल यांना भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी नेमले. पुढे गिल यांनी कॅमेराही हाती घेतला. जेम्स फर्ग्युसन यांच्या मजकुरासह १८६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या छायाचित्रांत भर स्थापत्यावर आहे. भित्तिचित्रांसाठी त्यांची मदार कुंचल्यावरच राहिली. यामागे तंत्राची मर्यादा दिसते. ओल्या कोलोडियन काचेला भरपूर प्रकाश लागे. शिवाय ती मुख्यतः निळ्या प्रकाशालाच प्रतिसाद देत असल्याने अजिंठ्यातील गेरूचा तांबडा व पिवळ्या मातीचा रंग तीत काळपट उमटे.

या मर्यादेची किंमत मोठी होती. गिल यांच्या बहुतेक प्रतिकृती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत जळाल्या. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांसह १८७२ पासून केलेल्या अनेक प्रतिकृतींची १८८५ मध्ये लंडनमध्येच तीच गत झाली. एकमेव प्रतिकृती नष्ट झाली की साधनच हरपते. छायाचित्राच्या मात्र अनेक प्रती काढता येतात.

रंगांची नोंद :
१८७३ मध्ये हेर्मान फोगेल यांनी विशिष्ट रंगद्रव्ये मिसळून काच इतर रंगांनाही संवेदनक्षम करता येते, हे दाखविले. या प्रगतीचा लाभ हैदराबाद संस्थानच्या गुलाम याझदानी यांच्या 'अजंता' या ग्रंथास मिळाला. १९३० ते १९५५ या काळात निघालेल्या त्याच्या चार भागांतील रंगीत चित्रे छायाचित्रणावर आधारित होती. १९९१ च्या सुमारास बिनॉय बहल यांनी प्रखर दिवे टाळून, अत्यल्प प्रकाशात, दीर्घकाळ झडप उघडी ठेवून ही चित्रे टिपली.

स्मार्टफोनचा टप्पा :
स्मार्टफोनचा संवेदक लहान असल्याने त्यावर कमी प्रकाश पडतो. ही उणीव भरून काढण्यासाठी 'नाइट मोड' अनेक छायाचित्रे घेऊन ती एकत्र जुळवितो. उन्हात दोन फोनांमधील फरक सहसा किरकोळ वाटतो. काळोखात तो उघड होतो. तथापि काळोखातील चित्रात प्रकाशाइतकाच गणिताचाही वाटा असतो. दाणे पुसताना बारीक रेषा पुसल्या जातात आणि रंगही बदलू शकतो. देखणे छायाचित्र विश्वसनीय असेलच असे नाही.

निष्कर्ष :
१) कोणत्या काळातील कॅमेरा काय टिपू शकत होता, हे जाणल्याशिवाय जुन्या छायाचित्रातील रंगछटांवरून अनुमान काढणे धोक्याचे आहे.
२) प्रखर प्रकाश प्राचीन रंगांना घातक असतो, म्हणूनच अजिंठ्यात फ्लॅशला मनाई आहे. कमीत कमी प्रकाश मागणारा कॅमेरा हा वारशाचा खरा मित्र होय.
३) गावोगावच्या मंदिरांची व वाड्यांची भित्तिचित्रे आज फोनवर टिपली जातात. त्यांसोबत दिनांक, प्रकाशाची स्थिती व मूळ फाइल जपून ठेवल्यास तीच उद्याची साधने ठरतील.