पहिली कादंबरी, आगाऊ पैसे आणि यादीतली नावं

क्राउडफंडिंग करून पहिली फँटसी कादंबरी काढता येते का, असं कुणी विचारलं की उत्तरात एक नाव ठरलेलं असतं: ब्रँडन सँडरसन. मार्च २०२२ मध्ये या अमेरिकन फँटसी लेखकाने कोविडच्या काळात गुपचूप लिहिलेल्या चार कादंबऱ्या किकस्टार्टरवर जाहीर केल्या. महिन्याभरात १,८५,३४१ लोकांनी मिळून सुमारे ४ कोटी १७ लाख डॉलर दिले. त्याआधीचा विक्रम एका स्मार्टवॉचच्या नावावर होता, त्याच्या दुप्पट!

आकडा खरा आहे, पण आपल्या प्रश्नाचा पुरावा म्हणून निरुपयोगी आहे. सँडरसनची पहिली कादंबरी 'एलांट्रिस' २००५ साली टोर या प्रस्थापित प्रकाशनसंस्थेने नेहमीच्या रीतीने काढली होती. म्हणजे लोकांनी पैसे दिले ते सतरा वर्षं वाचत आलेल्या लेखकाला. पहिल्यांदा लिहिणाऱ्याचं काय होतं? हे तपासायला थोडं मागे जावं लागतं. थोडं म्हणजे चारशे वर्षं.

'आधी पैसे, मग पुस्तक' ही पद्धत इंटरनेटने शोधलेली नाही. इंग्लंडमध्ये वर्गणीवर छापलेलं पहिलं पुस्तक म्हणून साधारणपणे जॉन मिन्शूच्या १६१७ सालच्या बहुभाषिक कोशाचं नाव घेतात. त्यात वर्गणीदारांची यादीही छापली होती. आपल्याकडचा 'प्रकाशनपूर्व सवलत' हा शब्द याच घराण्यातला. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी तर ज्ञानकोशासाठी कंपनी काढली, भाग विकले, आगाऊ ग्राहक मिळवले.

पण मला सगळ्यात जवळचा वाटतो तो जॉन टेलर. हा थेम्स नदीवर होडी वल्हवून पोट भरणारा नावाडी आणि हौशी कवी. १६१८ साली त्याने जाहीर केलं की मी लंडनहून स्कॉटलंडपर्यंत पायी जाईन, खिशात एक पेनीही नसेल, परत आल्यावर प्रवासाचं पुस्तक लिहीन. तुम्ही फक्त सही करा, पैसे पुस्तक हातात पडल्यावर द्या. सोळाशेहून जास्त लोकांनी सह्या केल्या. टेलर खरोखर गेला. वाटेत लीथ बंदरात त्याला बेन जॉन्सन भेटला. तोही त्याच वर्षी चालत स्कॉटलंडला आला होता, आणि त्याने टेलरला एक सोन्याचं नाणं दिलं. टेलर परत आला, पुस्तक छापलं, आणि जवळपास निम्म्या लोकांनी पैसे द्यायला नकार दिला.

पुढे त्याने जे केलं ते संशोधनाच्या विद्यार्थ्याने बघण्यासारखं आहे. १६१९ मध्ये त्याने या बुडव्यांवर एक पद्य पुस्तिका काढली आणि सही करणाऱ्यांचे चक्क सात प्रकार पाडले: पैसे दिलेले, असते तर दिले असते असे, कधी घरी सापडतच नाहीत असे, 'देतो, देतो' म्हणणारे, मेलेले, परागंदा झालेले आणि जवळ असून न देणारे. राग बाजूला ठेवला तर हे उत्तम वर्गीकरण आहे. प्रश्नावली परत न आलेल्या लोकांचं काय करायचं, हा आपल्यापैकी अनेकांना पुढे छळणारा प्रश्न. टेलरने निदान त्या सगळ्यांना एका खान्यात कोंबलं नाही.

यातून निघतं ते एवढंच की सही म्हणजे पैसा नव्हे. त्यानंतरच्या काळात वर्गणीची रचना बदलत गेली ती बऱ्याच अंशी याच अडचणीभोवती: अर्धी रक्कम आगाऊ, उरलेली पुस्तक मिळाल्यावर. आणि पैसे काढून घ्यायचे तर माणसाला त्याचं नाव दिसलं पाहिजे, हेही लोकांनी ओळखलं. जॉन ड्रायडनने व्हर्जिलचा अनुवाद १६९७ मध्ये काढला तेव्हा वर्गणीचे दोन स्तर होते. पाच गिनी देणाऱ्या १०१ जणांना प्रत्येकी एक पानभर चित्र, त्याखाली त्यांचं नाव आणि कुलचिन्ह. दोन गिनी देणाऱ्यांचं नाव फक्त यादीत. आजच्या 'रिवॉर्ड टिअर'पेक्षा यात वेगळं काही नाही. चित्रंसुद्धा नवी नव्हती, आधीच्या एका आवृत्तीतले तांब्याचे ठसे पुन्हा वापरले होते. प्रकाशक टॉन्सनने इनियसचं नाक मात्र बदलून घेतलं, ते राजे तिसरे विल्यम यांच्या नाकासारखं दिसावं म्हणून! ड्रायडनने पुस्तक राजाला अर्पण करायला नकार दिला होता, ते या मार्गाने झालं.

मग उशीर. सॅम्युअल जॉन्सनने शेक्सपिअरच्या आवृत्तीचं पत्रक १७५६ मध्ये काढलं, वर्गणी घेतली, पुढच्या वर्षाअखेर देण्याचं कबूल केलं. पुस्तक आलं १७६५ मध्ये, तेही वर्गणीदारांच्या यादीशिवाय. यादी हरवली आणि पैसे खर्च झाले, असं त्याने स्वतःच हसत सांगितल्याचं बॉस्वेलने नोंदवलं आहे.

आता मूळ प्रश्नाकडे. टेलर, ड्रायडन, जॉन्सन या तिघांनाही वर्गणी मागण्याआधी लोक ओळखत होते. कादंबरीत तर हे आणखी स्पष्ट दिसतं. फ्रान्सिस बर्नीची 'कॅमिला' १७९६ मध्ये एका गिनीच्या वर्गणीवर निघाली आणि यादीत हजारावर नावं आली. त्यात तेव्हा विशीची असलेली जेन ऑस्टेनही होती. पण 'कॅमिला' ही बर्नीची तिसरी छापलेली कादंबरी. पहिली, 'इव्हलिना', १७७८ मध्ये निनावी निघाली होती, आणि तिचे हक्क तिने प्रकाशकाला २० गिनींना विकले होते. पहिल्या पुस्तकाने वाचक मिळवून दिले, तिसऱ्याने पैसे.

उलटं उदाहरण हवं असेल तर ओलाउडा इक्वियानो. गुलामगिरीतून स्वतःला सोडवून घेतलेला हा माणूस. त्याचं आत्मचरित्र १७८९ मध्ये वर्गणीवर निघालं, आणि ते त्याचं पहिलंच पुस्तक होतं. पहिल्या आवृत्तीत ३११ वर्गणीदारांची नावं आहेत, त्यात प्रिन्स ऑफ वेल्ससुद्धा. हक्क त्याने स्वतःकडेच ठेवले, ब्रिटन आणि आयर्लंडभर फिरून पुस्तक विकलं, आणि १७९४ पर्यंत नऊ आवृत्त्या काढल्या. आजच्या भाषेत अस्सल स्वतंत्र लेखक. मात्र पुस्तकाआधीच तो गुलामगिरीविरोधी चळवळीत होता, वर्तमानपत्रांत पत्रं लिहीत होता. ती ३११ नावं बऱ्याच अंशी त्या वर्तुळातली होती. पुस्तक पहिलं होतं, ओळख पहिली नव्हती.

इंटरनेटवरच्या फँटसीतही हाच क्रम दिसतो. लॉरेन्स वॅट-इव्हान्सने २००५ मध्ये 'द स्प्रिगन मिरर' ही कादंबरी वाचकांच्या देणग्यांवर, प्रकरणागणिक, लिहिली. पण ती १९८५ पासून चालत आलेल्या मालिकेतली होती. कॅथरिन व्हॅलेंटेने २००९ मध्ये फेअरीलँडची गोष्ट अशीच वेबवर प्रकरणाप्रकरणाने लिहिली, आणि छापील पुस्तक येण्याआधीच तिला आंद्रे नॉर्टन पुरस्कार मिळाला. तिच्याही आधीच्या कादंबऱ्या होत्या. नाव असूनही हमखास यश मिळतंच असं नाही. स्टीफन किंगने २००० साली 'द प्लांट' हप्त्याहप्त्याने वेबवर टाकली: भागाला एक डॉलर, उतरवून घेणाऱ्यांपैकी ७५ टक्क्यांनी पैसे दिले तरच पुढे लिहीन. सहाव्या भागानंतर ती थांबली, आजही अपूर्ण आहे. टेलरचाच किस्सा, फक्त होडीऐवजी मोडेम.

किकस्टार्टर २००९ मध्ये आलं आणि टेलरची अडचण त्याने सोडवली. ठरलेली रक्कम पूर्ण झाली तरच सगळ्यांच्या कार्डातून पैसे कापले जातात, नाहीतर कुणाचेच नाही. जॉन्सनची अडचण मात्र तशीच राहिली. ईथन मॉलिक यांचा २०१४ चा शोधनिबंध या विषयात पुन्हा पुन्हा उद्धृत होतो. ४८,५०० हून जास्त प्रकल्प तपासून त्यांनी दाखवलं की वस्तू देण्याचं आश्वासन दिलेल्या यशस्वी प्रकल्पांपैकी तीन चतुर्थांशांहून जास्त उशिरा पोचले. त्यातच आपल्या कामाचा एक आकडा आहे: चित्रपट विभागातल्या सरासरी प्रकल्पात फेसबुकवर १० मित्र असलेल्याला यशाची शक्यता सुमारे ९ टक्के, १०० असलेल्याला २० आणि १००० असलेल्याला ४०. चित्रपट म्हणजे कादंबरी नव्हे, हे मान्य. पण इक्वियानोच्या यादीशेजारी हा तक्ता ठेवून बघा.

आता छेदाबद्दल. विज्ञान शिकलेल्या माणसाला यशाची उदाहरणं दिसली की अपयशाची संख्या शोधायची सवय असते. वर सांगितलेला सगळा इतिहास अंशाचा आहे. वर्गणीदारांची यादी छापली जायची ती पुस्तक निघालं तरच. ज्या नवख्या लेखकाला बाराच वर्गणीदार मिळाले त्याचं एकपानी पत्रक बहुधा रद्दीत गेलं, आणि त्याच्याबरोबर आपला पुरावाही. म्हणून अठराव्या शतकात नवख्यांचं यशाचं प्रमाण किती होतं, हे मिळालेल्या याद्या मोजून काढता येत नाही. कितीही मोठा तक्ता केला तरी.

किकस्टार्टरचं तसं नाही. तिथे फसलेल्या प्रकल्पांची पानं पुसली जात नाहीत. किती मागितले, किती जमले, किती जणांनी दिले आणि हा त्या माणसाचा पहिलाच प्रकल्प आहे का, हे सगळं अजून दिसतं. कुणाला विषय हवा असेल तर हा घ्या: कथात्मक साहित्याच्या विभागातून फँटसी कादंबऱ्या वेगळ्या काढायच्या, पहिलाच प्रकल्प असलेले लेखक निवडायचे, आणि प्रत्येकाचं त्याआधी काही छापलं गेलं होतं का हे हाताने तपासायचं. ही शेवटची पायरी प्रोग्रामवर सोपवू नका, 'पहिलाच प्रकल्प' आणि 'पहिलंच पुस्तक' यांची गल्लत तिथेच होते. कंटाळवाणं काम आहे, उन्हाळ्याची एक सुट्टी जाईल.