भंडाऱ्याची नऊ लाख माणसे कुठे गेली? पानाच्या शिरोभागात दडलेला इतिहास

१/ १९९१ च्या जनगणनेत भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २१ लाख होती. २०११ च्या जनगणनेत ती १२,००,३३४ भरली. ही घट कोणत्याही साथीची वा स्थलांतराची नव्हे. १ मे १९९९ रोजी जिल्ह्याचे विभाजन झाले आणि गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला.

२/ म्हणूनच 'भंडारा जिल्ह्यातील नवेगाव बांध' असे शब्द एखाद्या संकेतस्थळावर आढळले, तर ते चूक की बरोबर हे केवळ मजकुरावरून ठरत नाही. १९९८ च्या पानावर ते बरोबर, आजच्या पानावर चूक. अशा वेळी मजकुराविषयीची माहिती, म्हणजेच मेटाडेटा, निर्णायक ठरतो.

३/ ही गरज नवी नाही. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचे ताम्रपट विदर्भात अनेक ठिकाणी मिळाले. भंडारा जिल्ह्यातील पवनी हे त्यांपैकी एक. वाकाटकांच्या अनेक ताम्रपटांच्या आरंभी 'दृष्टम्', म्हणजे 'पाहिले', असा शब्द कोरलेला असतो. त्यानंतर दानपत्र कोठून दिले ते स्थळ आणि राजाची वंशावळ येते. राज्यवर्ष मात्र बहुधा शेवटी असते.

४/ दान एखाद्या ब्राह्मणाला दिलेल्या जमिनीचे. पण इतिहासकाराला त्याहून मोलाचे वाटते ते हे आरंभीचे स्थळनाम. दुसऱ्या राज्यवर्षाचा जांब ताम्रपट नंदिवर्धनाहून दिलेला आहे, तर अठराव्या वर्षाचा चम्मक ताम्रपट प्रवरपुराहून. या दोन नोंदींच्या दरम्यान राजधानी हलली, असे अनुमान त्यावरून निघते. वा. वि. मिराशी यांनी १९६३ साली प्रसिद्ध केलेल्या वाकाटक लेखसंग्रहात अशा नोंदी एकत्र पाहता येतात.

५/ वेबपानालाही असाच शिरोभाग असतो. त्याला 'हेड' म्हणतात. वाचकाला तो पडद्यावर दिसत नाही. नोव्हेंबर १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचटीएमएलच्या दुसऱ्या आवृत्तीत 'टायटल' आणि 'मेटा' या खुणांना निश्चित स्थान होते. त्याच वर्षी अमेरिकेतील ओहायो राज्याच्या डब्लिन गावी ग्रंथपाल व संगणकतज्ज्ञ एकत्र आले; कर्ता, दिनांक, भाषा, विषय अशा घटकांची 'डब्लिन कोअर' ही यादी त्यातून आकाराला आली. २०१० साली फेसबुकने 'ओपन ग्राफ' आणले.

६/ ही माहिती काढणारा प्रोग्राम साधा असतो. तो पान उतरवून घेतो, पार्सरच्या साहाय्याने त्याची रचना उलगडतो, हेडमधील प्रत्येक मेटा खूण पाहतो आणि नाव व मूल्य अशी जोडी नोंदवतो. पायथॉन भाषेत यासाठी २००४ पासून 'ब्यूटीफुल सूप' हे साधन उपलब्ध आहे. नुसत्या अक्षरशोधावर विसंबणे धोक्याचे, कारण कोणी नाव आधी लिहितो, कोणी मूल्य आधी.

७/ मराठी पानांत आणखी एक अडचण येते. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. तरीही पुढे बराच काळ अनेक मराठी पाने विशिष्ट फॉन्टवर अवलंबून राहिली. तेथे रोमन अक्षरांच्या संकेतांवर देवनागरी आकार बसवलेले असत. फॉन्ट नसेल तर मजकूर निरर्थक दिसतो. अशा पानाच्या हेडमध्ये फॉन्टचे वा अक्षरसंचाचे नाव सापडले, तर मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करण्याचा मार्ग मिळतो.

८/ मात्र शिरोभागही खोटे बोलू शकतो. बनावट ताम्रपट असतात, तशा बनावट मेटा खुणाही असतात. 'कीवर्ड्स' या खुणेचा इतका गैरवापर झाला की ती क्रमवारीसाठी आपण विचारात घेत नाही, असे गूगलने २००९ मध्ये जाहीर केले. दिनांकही पान पुन्हा जतन केल्याचा असू शकतो. म्हणून प्रोग्रामने काढलेली तारीख मजकुरातील पुराव्याशी ताडून पाहावी लागते.

९/ ही ताडणी टाळली, तर भंडाऱ्याचे जुने व नवे आकडे एका तक्त्यात बसतात आणि जिल्हा ओस पडल्याचा निष्कर्ष निघतो. आकडे दोन्ही खरे, निष्कर्ष तेवढा खोटा. नोंद कोणाची, कोठली आणि केव्हाची, हे आधी विचारायचे. ताम्रपट वाचणाऱ्यांनी घालून दिलेला हा नियम वेबपानालाही तितकाच लागू पडतो.